उघड्या भांड्यातले राफ्ट: ऑक्सिजन एन्झाइम खाते, पण पेरॉक्साइडचा हिशोब तुम्हालाच ठेवावा लागतो

आधी प्रश्न थोडक्यात. ऑक्सिजन पॉलिमरायझेशन अडवतो, म्हणून तो आधी काढावा लागतो. नायट्रोजनची लाइन नाही, फ्रीझ-पंप-थॉ (द्रावण गोठवून, हवा ओढून, वितळवून ऑक्सिजन काढणे) करत बसायला वेळ नाही. म्हणून ग्लुकोज ऑक्सिडेज आणि ग्लुकोज घालून डायमिथिल अ‍ॅक्रिलअमाइडचे राफ्ट पॉलिमरायझेशन (आरएएफटी: पॉलिमरच्या साखळ्या जवळजवळ सारख्या लांबीच्या वाढवणारी नियंत्रित पद्धत) हवेतच करून पाहिले. मोनोमर १ मोलर, ट्रायथायोकार्बोनेट (हाच राफ्ट एजंट, साखळीच्या टोकाला राहून वाढ ताब्यात ठेवणारा) ५ मिलिमोलर, एन्झाइम १ मायक्रोमोलर, ग्लुकोज १०० मिलिमोलर, पीएच ७ चा ५० मिलिमोलर फॉस्फेट बफर, इनिशिएटर (रॅडिकल, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेले क्रियाशील रेणू, सोडून साखळ्या सुरू करणारा) व्हीए-०४४, तापमान ४५ अंश. ९६ वेलच्या प्लेटमध्ये दर वेलला ३०० मायक्रोलिटर घालून, वर चिकट फिल्म लावून चार तास ठेवले तेव्हा रेणुभार हिशोबाप्रमाणे आला आणि वितरणही अरुंद होते. तीच कृती २० मिलिलिटरच्या व्हायलमध्ये ४ मिलिलिटरवर नेली, झाकण लावून रात्रभर जोरात ढवळली, तर रेणुभार कमी, जीपीसीत (रेणुभाराचे वितरण दाखवणाऱ्या चाचणीत) कमी रेणुभाराच्या बाजूला लांब शेपूट आणि ट्रायथायोकार्बोनेटचा पिवळा रंग जवळजवळ गायब. एन्झाइम कमी पडले का, दुप्पट घालू का, असे विचारले आहे.

दुप्पट घालू नका. एन्झाइमने त्याचे काम चोख केले आहे, आणि नेमकी तीच अडचण आहे.

ग्लुकोज ऑक्सिडेज ऑक्सिजन नाहीसा करत नाही. बीटा-ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन आपल्या एफएडीवर (एन्झाइममधल्या इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या घटकावर) घेते आणि ते ऑक्सिजनला देते. दर फेरीला ऑक्सिजनचा एक रेणू जातो आणि त्याच्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक रेणू येतो. सोबत ग्लुकोनोलॅक्टोन तयार होते आणि पाण्यात त्याचे ग्लुकोनिक आम्ल होते. म्हणजे जितका ऑक्सिजन आत येईल तितकेच पेरॉक्साइड, आणि तितकेच आम्ल. किती एन्झाइम घातले यावर ही बेरीज अवलंबून नाही, किती हवा उपलब्ध होती यावर आहे. दुप्पट एन्झाइमने तुमचे नुकसान फक्त लवकर झाले असते.

आता आकडे मांडू. २५ अंशांना हवेशी समतोल असलेल्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन साधारण ०.२६ मिलिमोलर असतो. बहुतेक जण एवढ्याच आकड्याकडे पाहतात आणि म्हणतात, ०.२६ मिलिमोलर पेरॉक्साइड ५ मिलिमोलर राफ्ट एजंटपुढे काय करणार? बरोबर आहे, काहीच नाही. पण हवेच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे ८.६ मायक्रोमोल ऑक्सिजन असतो, तर पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये ०.२६. तेहतीस पटींचा फरक. खरा साठा द्रावणात नाही, द्रावणाच्या वर आहे, आणि एन्झाइम खालून तो सतत ओढत राहते.

तुमच्या प्लेटच्या वेलमध्ये ३०० मायक्रोलिटर द्रावणावर जेमतेम ८० मायक्रोलिटर हवा उरते. तिच्यातला सगळा ऑक्सिजन आत आला तरी पेरॉक्साइड २.३ मिलिमोलरपर्यंत जाईल. व्हायलमध्ये ४ मिलिलिटर द्रावणावर १६ मिलिलिटर हवा होती. तिच्यात सुमारे १३७ मायक्रोमोल ऑक्सिजन, म्हणजे द्रावणात ३४ मिलिमोलरपर्यंत पेरॉक्साइड. तुमच्या राफ्ट एजंटच्या जवळजवळ सातपट! त्यात जोरात ढवळणे आणि रात्रभराचा वेळ. रंग उडाला नसता तरच आश्चर्य होते.

पेरॉक्साइडने राफ्टचे टोक जाते ही काही नवी गोष्ट नाही. शेफिल्डच्या आर्म्स गटाने २०१७ मध्ये पाण्यातल्या ब्लॉक कोपॉलिमर कणांवरून राफ्टची टोके मुद्दाम काढायला हायड्रोजन पेरॉक्साइडच वापरले होते. तुमच्या व्हायलमध्ये तेच झाले, फक्त न ठरवता. ट्रायथायोकार्बोनेटचा ३१० नॅनोमीटरजवळचा शोषण-पट्टा यूव्हीमध्ये तासातासाने पाहिलात तर तो कसा उतरतो ते दिसेल. मी जीपीसीच्या आधी हेच पाहतो: स्वस्त, दोन मिनिटांचे, आणि जीपीसीवर जे पुढे दिसणार आहे ते आधीच सांगणारे.

आम्लाचेही तेच गणित. पीएच ७ च्या ५० मिलिमोलर फॉस्फेटमध्ये आम्ल झेलू शकणारा भाग अर्ध्याच्या आसपास, म्हणजे पंचवीसेक मिलिमोलर असतो. ३४ मिलिमोलर आम्ल त्याच्या पलीकडे जाते आणि पीएच ४ च्या जवळ उतरू शकतो. राफ्टला याचा थेट फारसा त्रास नाही, उलट थायोकार्बोनिल (म्हणजे राफ्टची) टोके आम्लधर्मी पाण्यात अधिक टिकतात. पण मोनोमर किंवा पॉलिमर पीएचला संवेदनशील असेल, किंवा पुढे एटीआरपी (तांब्याच्या उत्प्रेरकाने चालणारे दुसरे नियंत्रित पॉलिमरायझेशन) करायचे असेल, तर हा बदल दुर्लक्ष करण्यासारखा नाही. व्हायल उघडून पीएच पट्टी बुडवून पाहा. बहुतेक लोक पाहतच नाहीत.

तुमच्या प्रकरणात दुसराही एक गुन्हेगार आहे, आणि त्याचा एन्झाइमशी संबंध नाही. व्हीए-०४४ चा अर्धायुकाल ४४ अंशांना सुमारे १० तास आहे. डायमिथिल अ‍ॅक्रिलअमाइड पाण्यात इतक्या वेगाने वाढते की चार तासांतच बहुतेक मोनोमर संपला असणार. पुढची रात्रभर इनिशिएटर रॅडिकल सोडत राहिला, आणि खायला मोनोमर नसल्यामुळे ते रॅडिकल जिवंत टोकांनाच मारत बसले. नियंत्रित पॉलिमरायझेशन 'रात्रभर ठेवून देणे' ही सवय नायट्रोजनखालीही वाईटच, इथे तर दुहेरी वाईट.

थोडे मागे जाऊन हे सगळे मुळात कशामुळे चालते ते पाहू, कारण त्यातूनच पुढचे उपाय निघतात. कार्बनवरचे रॅडिकल ऑक्सिजनला जवळजवळ भेटीच्या वेगाने पकडते, वेगस्थिरांक अब्जाच्या घरात. मोनोमर जोडण्याचा वेगस्थिरांक मेथाक्रिलेटांना शेकड्यांत आणि अ‍ॅक्रिलअमाइडांना दहा हजारांच्या आसपास. म्हणून १ मोलर मोनोमर असूनही हवेशी समतोल असलेल्या पाण्यात वेगवान मोनोमरचे रॅडिकलसुद्धा मोनोमरपेक्षा ऑक्सिजनला पंचवीसेक पट जास्त वेळा भेटते, आणि त्यातून बनणारे पेरॉक्सिल रॅडिकल पुढे साखळी वाढवायला फारच आळशी. ही गळती एका टक्क्यावर आणायची तर ऑक्सिजन ०.१ मायक्रोमोलरपर्यंत खाली न्यावा लागतो.

आणि एन्झाइम तिथपर्यंत सहज नेते. १ मायक्रोमोलर चांगले ग्लुकोज ऑक्सिडेज आणि भरपूर ग्लुकोज असताना ऑक्सिजन संपण्याचा वेगस्थिरांक सेकंदाला एकाच्या आसपास पडतो. म्हणजे बंद द्रावणात दहा-पंधरा सेकंदांचे काम. वरून हवा आत झिरपते, पण ती फार खोल जात नाही: न ढवळलेल्या द्रावणात ऑक्सिजनचा थर साधारण ५० मायक्रॉनपुरता, केसाच्या जाडीएवढा. त्याखाली सगळे ऑक्सिजनमुक्त. उघड्या प्लेटमध्ये राफ्ट चालते ते यामुळे. ढवळले की हा थर सतत मोडतो, नवे पाणी पृष्ठभागावर येते आणि हवा आत ओढण्याचा वेग वाढतो. प्लेट स्थिर होती, व्हायल स्टररवर होती. तुम्ही केलेल्या दोन प्रयोगांत हा फरकही होताच.

हा पातळ थर पाहून 'मग झाकण तरी कशाला' असे वाटेल. उघड्या ९६ वेलच्या प्लेटमध्ये वरील आकडे धरून हिशोब केला तर २०० मायक्रोलिटरच्या वेलमध्ये दर तासाला सहा-सात मिलिमोलर पेरॉक्साइड जमा होऊ शकते. हा वरच्या बाजूचा अंदाज आहे, व्यापारी एन्झाइम बरेचदा कमी सक्रिय असते. पण तासा-दोन तासांत संपणारी प्रतिक्रिया उघड्यावर चालेल आणि बारा तासांची चालणार नाही, हे त्यातून स्पष्ट होते. ४० मायक्रोलिटरसारख्या छोट्या आकारमानात पृष्ठभाग तोच आणि द्रव कमी, त्यामुळे ग्लुकोजसुद्धा काही तासांत संपू शकते. ते संपले की ऑक्सिजन परत येतो आणि प्रतिक्रिया मध्येच थबकते.

ही कल्पना दिसते तितकी नवी नाही. क्योतोच्या इकादा गटाने १९९१ मध्येच ग्लुकोज ऑक्सिडेज वापरून, विरघळलेल्या ऑक्सिजनच्याच आधाराने रॅडिकल पॉलिमरायझेशन सुरू करून दाखवले होते. नियंत्रित पॉलिमरायझेशनमध्ये ती रुळली ती लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या स्टीव्हन्स गटाच्या २०१४ च्या कामाने, आणि २०१६ मध्ये त्याच मंडळींनी ती मायक्रोलिटर आकारमानाच्या प्लेटांवर नेली. माझ्या मते या पद्धतीचे खरे घर अजूनही तेच आहे: लहान आकारमान, पाणी, वेगवान मोनोमर, थोडा वेळ. त्या चौकटीत ती अप्रतिम आहे. चौकटीबाहेर नेताना प्रत्येक पावलाला पेरॉक्साइडची वही उघडावी लागते.

तर तुमच्यासाठी उपाय. पहिला आणि सर्वांत स्वस्त: भांडे बदला. ४ मिलिलिटर करायचे तर ४ मिलिलिटरचीच व्हायल घ्या, गळ्यापर्यंत भरा, स्टरर सावकाश फिरवा किंवा सुरुवातीला मिसळून झाल्यावर बंदच करा. अर्धा मिलिलिटर हवा उरली तर पेरॉक्साइडची कमाल १ मिलिमोलरच्या आसपास राहते. आणि मोनोमर ९०-९५ टक्के संपला की थांबवा, बर्फात घाला. तुमचा प्रश्न एवढ्यानेच सुटेल असे मी धरून चालतो.

मोठे भांडे टाळता येत नसेल तर पेरॉक्साइडला वाट काढून द्यावी लागते. इथे सगळ्यांना आधी कॅटलेज सुचते. कॅटलेज पेरॉक्साइड फोडते खरे, पण अर्धा ऑक्सिजन परत देते. तो पुन्हा ग्लुकोज ऑक्सिडेजकडे जातो, आणि शेवटी ऑक्सिजनच्या एका रेणूमागे ग्लुकोजचे दोन रेणू खर्ची पडतात आणि आम्लाचेही दोन तयार होतात. तुमच्या व्हायलमध्ये पेरॉक्साइड गेले असते, पण आम्ल ६८ मिलिमोलरपर्यंत गेले असते. बफर त्या मापाने वाढवणार असाल तर कॅटलेज वापरा. (अ‍ॅस्परजिलसपासून काढलेल्या स्वस्त ग्लुकोज ऑक्सिडेजमध्ये थोडे कॅटलेज बहुधा आधीच असते. 'कमी शुद्ध' बाटलीने कधी कधी अधिक चांगले राफ्ट येते, त्यामागे हे कारण असू शकते.)

मला सोडियम पायरुव्हेट जास्त आवडते. ते पेरॉक्साइडशी थेट, एन्झाइमशिवाय प्रतिक्रिया करते आणि अ‍ॅसिटेट, कार्बन डायऑक्साइड व पाणी देते. ऑक्सिजन परत येत नाही. मॅट्याशेव्स्की गटाने २०१८ मध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज आणि पायरुव्हेटची हीच जोडी एटीआरपीसाठी वापरली. एटीआरपीत ती चैन नाही, गरज आहे: तांबे आणि पेरॉक्साइड एकत्र आले की तांब्याचे ऑक्सिडीकरण होते आणि हायड्रॉक्सिल रॅडिकलही सुटतात. ते नव्या साखळ्या सुरू करतात आणि तुमच्या रेणुभाराचा हिशोब बिघडतो. फक्त लक्षात असू द्या, पायरुव्हेट एकास एक खर्च होते. ३४ मिलिमोलर पेरॉक्साइड अपेक्षित असेल तर १० मिलिमोलर पायरुव्हेटने भागणार नाही. आणि घट्ट बंद भांड्यात बुडबुडे दिसले तर घाबरू नका, तो कार्बन डायऑक्साइड आहे.

तिसरा मार्ग बुद्धीचा आहे: पेरॉक्साइड टाकून न देता त्यालाच इंधन करायचे. हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज पेरॉक्साइड घेऊन अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोनवरून रॅडिकल काढते आणि ते रॅडिकल पॉलिमरायझेशन सुरू करतात. मग वेगळा इनिशिएटर नको आणि तापवणेही नको. २०१७ मध्ये झेशेंग आन यांच्या गटाने अशी एन्झाइम-साखळी वापरून बहुब्लॉक पॉलिमर आणि अतिउच्च रेणुभाराचे पॉलिमर हवेत बनवले. पहिल्या पायरीला ग्लुकोज ऑक्सिडेजऐवजी पायरानोज ऑक्सिडेज घेतले तर आणखी एक फायदा: ते ग्लुकोजला दुसऱ्या कार्बनवर ऑक्सिडाइज करते, लॅक्टोन बनत नाही, त्यामुळे पीएच घसरत नाही. ऐकायला सुंदर, पण पहिल्याच महिन्यात याच्या मागे लागू नका. दोन एन्झाइमांचे वेग जुळवणे हे वेगळेच काम आहे. शिवाय मोनोमर साठवणीत टिकावा म्हणून त्यात घातलेला एमईएचक्यू हा फिनॉल आहे, आणि फिनॉल हे पेरॉक्सिडेजचे आवडते खाद्य. मोनोमर अ‍ॅल्युमिनाच्या कॉलममधून काढला नाही तर सुरुवातीला प्रतिक्रिया हलतच नाही, आणि लोक दोष ऑक्सिजनला देतात.

हाताळणीतल्या काही गोष्टी, ज्या कृतीत लिहिलेल्या नसतात. ग्लुकोजचे द्रावण आदल्या दिवशी करून ठेवा. बाटलीतली साखर बहुतांश अल्फा रूपात असते आणि एन्झाइम बीटा खाते. पाण्यात काही तास राहिल्यावर बीटा ६४ टक्क्यांपर्यंत येते. एन्झाइम मिलिग्रॅमवर नाही, युनिटवर (सक्रियतेच्या मापावर) मोजा, कारण दोन बाटल्यांत दुपटीचा फरक सहज असतो. ते सर्वांत शेवटी घाला, पिपेटने हळुवार मिसळा, व्होर्टेक्स करू नका. फेस आला की प्रथिन बिघडते आणि हवा मिसळते ती वेगळीच. मग झाकून पाच मिनिटे थांबा आणि त्यानंतरच तापवा किंवा (प्रतिक्रिया प्रकाशाने सुरू होणारी असेल तर) दिवा लावा. ट्रिस बफर टाळा, त्यातला प्रायमरी अमाइन राफ्टच्या टोकाला फोडू शकतो. फॉस्फेट किंवा अ‍ॅसिटेट घ्या.

मोनोमरच्या बाबतीत एक सापळा सांगतो. या एन्झाइमचा समविद्युत बिंदू (ज्या पीएचला निव्वळ भार शून्य असतो) ४.२ च्या आसपास आहे, म्हणजे पीएच ७ ला त्यावर ऋणभार असतो. धनभारित मोनोमर घेतलात तर सुरुवात व्यवस्थित होते, पण साखळी लांबली की पॉलिमर एन्झाइमला बिलगतो. स्वच्छ पिवळे द्रावण आधी धूसर होते, मग खाली साका बसतो आणि प्रतिक्रिया थांबते. आयसोप्रोपिल अ‍ॅक्रिलअमाइडलाही ४५ अंशांवर धूसरपणा येतो, पण त्याचे कारण वेगळे: तो पॉलिमर ३२ अंशांच्या वर पाण्यातून बाहेर पडतो. थंड केल्यावर द्रावण निवळले तर हे दुसरे कारण, नाही निवळले तर बहुधा पहिले.

स्टायरिन, टोल्युइन, ७० अंश असे काही डोक्यात असेल तर हा विषयच सोडा. एन्झाइम ६० अंशांच्या पुढे टिकत नाही आणि कोरड्या सेंद्रिय द्रावकात त्याचा उपयोग नाही. तिथे नायट्रोजनला पर्याय शोधण्यापेक्षा नायट्रोजनचा सिलिंडर शोधा. आणि वेगवान अ‍ॅक्रिलअमाइडच हवेत, पण एन्झाइम नको असेल, तर इनिशिएटर भराभर तुटेल अशा तापमानाला, गच्च भरलेल्या भांड्यात काही मिनिटांत प्रतिक्रिया उरकता येते. सुरुवातीचे थोडे रॅडिकल ऑक्सिजनवर जाळायचे, एवढेच.

पॉलिमर पेशींवर वापरणार असाल तर एन्झाइम काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. ग्लुकोज ऑक्सिडेज १६० किलोडाल्टनचे आहे. १२-१४ किलोडाल्टनच्या डायलिसिस नळीतून ते बाहेर पडणार नाही, पॉलिमरसोबतच राहील. पेशींच्या माध्यमात ग्लुकोज मुबलक असते. तिथे गेल्यावर ते पुन्हा पेरॉक्साइड बनवू लागते, पेशी मरतात आणि 'पॉलिमर विषारी आहे' असा निष्कर्ष निघतो. पॉलिमर लहान असेल तर १०० किलोडाल्टनच्या मेंब्रेनमधून गाळा: पॉलिमर खाली येतो, एन्झाइम वर राहते. पॉलिमर मोठा असेल तर सेंद्रिय द्रावकात साका पाडून पाहा. आणि पेशींच्या प्रयोगात एका वेलमध्ये पॉलिमर न घालता, त्याच मार्गाने गेलेले नुसते एन्झाइमचे द्रावण नक्की घाला.

पुढची प्लेट लावताना तीन वेल जास्तीच्या ठेवा. एकात ग्लुकोज नको: तिथे पॉलिमर आलाच तर ऑक्सिजन इनिशिएटरनेच जाळला आणि एन्झाइमची गरजच नव्हती. दुसऱ्यात इनिशिएटर नको: तिथे पॉलिमर आला तर पेरॉक्साइड कुठेतरी रॅडिकल सोडते आहे, बहुधा पाण्यातल्या किंवा बफरमधल्या लोहाच्या अंशामुळे, आणि तुमच्या कमी रेणुभाराच्या शेपटीचा काही भाग तिथून येतो. तिसऱ्यात सगळे तेच, वर ५० मिलिमोलर पायरुव्हेट. तिन्हींचे जीपीसी आणि ३१० नॅनोमीटरचे आकडे पाठवा, मग एटीआरपीकडे वळायचे की नाही ते बोलू.